बंद पडलेला दूरदर्शन संच आणि दुरुस्तीचे अर्थशास्त्र

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गात दुरुस्ती-व्यवसायाच्या अर्थकारणावर बोलावे, असे संयोजकांनी मला सुचविले. बत्तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविल्यानंतर तासभर आकडे सांगणे मला अवघड नाही. पण आकड्यांनी हा विषय कळत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी आज एका बिघाडाविषयीच बोलणार आहे. जुना दूरदर्शन संच एके दिवशी बंद पडतो. बटण दाबले तरी दिवा लागत नाही, आवाज नाही, चित्र नाही. दुरुस्तीवाले त्याला ‘डेड सेट’ म्हणतात. हा बिघाड बहुतेक वेळा संचाच्या पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे भिंतीतली वीज संचाला हव्या त्या रूपात पुरविणाऱ्या भागात असतो. तो कसा शोधतात आणि कसा दूर करतात हे नीट पाहिले, की हा धंदा मोडीत का निघाला याचेही पुष्कळसे उत्तर हाती येते. समोर बसलेल्यांपैकी काही जण आय. टी. आय. झालेले आहेत. त्यांना यातील काही भाग बाळबोध वाटेल, तो त्यांनी गोड मानून घ्यावा.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर रेडिओ दुरुस्त करणारे एक काका राहत. पुढे ते दूरदर्शन संचही उघडू लागले आणि सुट्टीत मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसू लागलो. त्यांनी दिलेला पहिला धडा हात खिशात ठेवण्याचा होता. चालू संचाला मीटर लावताना डावा हात खिशात. म्हणजे एका हातातून दुसऱ्या हाताकडे, छातीतून, जाण्याची वाट विजेला मिळत नाही. दुसरा धडा असा, की पेचकस हाती घेण्यापूर्वी घरच्या माणसांना प्रश्न विचारायचे. संच बंद कसा पडला? फट्‌ असा आवाज झाला का? जळका वास आला का? वीज जाऊन परत आली होती का? गेले काही दिवस सकाळी सुरू व्हायला वेळ लागत होता का? या पाच प्रश्नांत निम्मे निदान होते, असे ते म्हणत. पुढे मी विद्यार्थ्यांना सामाजिक पाहणी कशी करावी हे शिकविले तेव्हा मला काकांचीच आठवण होत असे.

त्या काळातील छोटे कृष्णधवल संच फार सरळ होते. एक ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टची वीज खाली आणतो, चार डायोड तिला एका दिशेने वाहायला लावतात, एक मोठा कंडेन्सर तिचे हेलकावे शांत करतो आणि शेवटी एक ट्रान्झिस्टर तिला बारा व्होल्टच्या आसपास स्थिर धरतो. एवढाच पॉवर सप्लाय. बारा व्होल्टवर चालणारा म्हणूनच तो संच गाडीच्या बॅटरीवरही चाले. १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ मालिकेच्या वेळी वीज गेली, तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणणारी गावे तुमच्यापैकी ज्येष्ठांनी पाहिली असतील.

या संचांची आणखी एक सोय होती. ते आपले दुखणे पडद्यावर दाखवीत. चित्रावर आडवे काळसर पट्टे हळूहळू वर किंवा खाली सरकू लागले, चित्राच्या कडा नागमोडी झाल्या आणि आवाजात घुंईऽ अशी गुणगुण आली, की समजावे, कंडेन्सर वाळला आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते आणि पडदाही सेकंदाला पन्नास वेळा वरून खाली रंगविला जातो. चारही डायोड काम करीत असतील तर उरलेला हेलकावा शंभर आवर्तनांचा असतो आणि पडद्यावर दोन पट्टे दिसतात. एखादा डायोड निकामी होऊन अर्धीच लाट उरली असेल तर पट्टा एकच दिसतो. म्हणजे हाती मीटर नसलेल्या माणसालाही, केवळ पट्टे मोजून, दोष कंडेन्सरचा की डायोडचा याचा अंदाज बांधता येत असे.

१९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने, आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण आले आणि त्यानंतरच्या रंगीत संचांबरोबर वेगळ्या रचनेचा पॉवर सप्लाय घरोघर पोहोचला. त्याला स्विच मोड, थोडक्यात एस. एम. पी. एस. म्हणतात. यात घरातील वीज आधी खाली न आणता थेट एका दिशेची केली जाते, त्यामुळे मोठ्या कंडेन्सरवर सुमारे सव्वातीनशे व्होल्ट साठतात. मग एक ट्रान्झिस्टर हा दाब सेकंदाला हजारो वेळा जोडतो-तोडतो आणि तो मुठीत मावेल अशा ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जातो. तांबे कमी लागते, वजन कमी होते, आणि गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज दीडशेपर्यंत उतरले तरी पुष्कळसे संच तग धरतात. स्टॅबिलायझर नावाचा जो जड डबा प्रत्येक घरात संचाखाली बसलेला असे, तो त्यामुळे हळूहळू दिसेनासा झाला. आपल्या सार्वजनिक वीजव्यवस्थेच्या दोषाबद्दल प्रत्येक कुटुंबाने भरलेला तो एक खाजगी करच होता, हे जाता जाता सांगतो.

परंतु या रचनेत धोका वाढला. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडचा सगळा भाग मुख्य विजेला थेट जोडलेला असतो. संच बंद केला, प्लग काढला, तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट दबा धरून असू शकतात. विशेषतः पुढचे सर्किट चालूच होत नसेल तर ते ओसरायला वाटच नसते. काही जण पेचकसाने कंडेन्सरचे दोन पाय जोडून तो रिकामा करतात. ठिणगी उडते, कंडेन्सर बिघडतो, कधी डोळाही जातो. दोन-तीन हजार ओहमचा जाड रेझिस्टन्स इन्सुलेशन असलेल्या तारांनी लावून तो सावकाश रिकामा करावा आणि मीटरने खात्री करून घ्यावी. पिक्चर ट्यूबच्या पाठीवरील रबरी टोपीखाली तर रंगीत संचात वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात. ज्याने हे काम कोणाच्या हाताखाली शिकलेले नाही, त्याने त्या बाजूला जाऊ नये.

आता शोधाचा क्रम पाहू. बिघडलेला संच थेट विजेवर कधी लावायचा नाही. शंभर वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब संचाच्या मालिकेत जोडायचा. याला ‘सिरीज’ म्हणतात, आणि कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात भिंतीवर तो टांगलेला असे. रंगीत संचातील चुंबकत्व घालविणाऱ्या कॉइलचा जोड आधी सोडवून ठेवावा, नाहीतर बल्ब खोटे बोलतो. संच चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला, तर कंडेन्सर भरला आणि पुढे मोठा शॉर्ट नाही, असे समजावे. बल्ब लखलखीत तसाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब मुळीच लागला नाही, तर वाट तुटली आहे, म्हणजे वायर, स्विच, फ्यूज किंवा सुरुवातीचा जाड रेझिस्टन्स. एवढ्या साध्या साधनाने नवे घातलेले सुटे भाग जळण्यापासून वाचतात. एल. ई. डी. दिवा येथे चालत नाही, आणि तारेचा शंभर वॉटचा बल्ब आता शोधून आणावा लागतो, ही या धंद्यातील ताजी अडचण आहे.

फ्यूजही बोलतो. काच आतून काळी झाली असेल तर शॉर्ट जबरदस्त होता. मग नवा फ्यूज घालण्यात अर्थ नाही, डायोड आणि जोडतोड करणारा ट्रान्झिस्टर मीटरने तपासावा. काच स्वच्छ असून तार नुसती तुटलेली असेल तर फ्यूज वयाने गेला असण्याची शक्यता असते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारे महाभाग आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. दोन रुपये वाचविण्यासाठी ते घराला आग लावण्याची तयारी करतात.

फ्यूज शाबूत आहे, मोठ्या कंडेन्सरवर तीनशेच्या वर व्होल्ट आहेत, आणि तरीही संच मृत आहे, असे झाले तर काका सरळ एका रेझिस्टन्सकडे जात. सर्किटला पहिला धक्का देऊन जागे करणारा हा रेझिस्टन्स मोठ्या मूल्याचा असतो, वर्षानुवर्षे उच्च दाब सोसतो आणि आतून तुटतो. बाहेरून तो ठणठणीत दिसतो. किंमत एक-दोन रुपये.

संच ‘टिक्‌ टिक्‌’ करीत असेल तर पॉवर सप्लाय सुरू होऊ पाहतो आहे, पण पुढचा भार पेलवत नाही म्हणून थांबतो आहे. अशा वेळी आडव्या रेषा ओढणाऱ्या विभागाकडे जाणारी शंभर-सव्वाशे व्होल्टची वाट सोडवून तिच्यावर साठ वॉटचा बल्ब भार म्हणून लावावा. बल्ब स्थिर लागला आणि व्होल्टेज बरोबर आले, तर पॉवर सप्लाय निर्दोष आहे. दोष पुढे आहे, बहुधा त्या विभागातील ट्रान्झिस्टरमध्ये. उलट व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर गेले, तर नियंत्रण करणाऱ्या भागातील एखादा छोटा कंडेन्सर वाळलेला असतो. हा दोष सर्वांत लबाड. घाईतला मेकॅनिक जळालेला ट्रान्झिस्टर बदलतो, संच चालू होतो, पैसे घेतले जातात, आणि आठ दिवसांत तोच ट्रान्झिस्टर पुन्हा जळतो. गिऱ्हाईक म्हणते, फसविले. मेकॅनिक म्हणतो, माल डुप्लिकेट होता. दोघांचीही चूक नसते. मूळ कारणापर्यंत कोणी गेलेले नसते, एवढेच.

आणि संचावर थाप मारली की तो चालू होतो, हा जो राष्ट्रीय उपचार आहे, त्यालाही शास्त्र आहे. जड भाग गरम-थंड होऊन त्याच्या पायाभोवतीचे सोल्डर गोल तडकते. भिंगातून ते बांगडीसारखे दिसते. थापेने जोड तात्पुरता जुळतो. नवे सोल्डर घातले की थापेची गरज राहत नाही.

आता अर्थशास्त्राकडे येतो. या सगळ्यात कंडेन्सर हा शब्द पुन्हा पुन्हा आला. कंडेन्सरच्या पोटात द्रव असतो आणि उष्णतेने तो वाळतो. त्याच्या अंगावर १०५ अंश, आणि उत्पादकाच्या तक्त्यात समजा २००० तास, असे लिहिलेले असते. तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा इंजिनिअरांचा ढोबळ नियम आहे. म्हणजे हाच कंडेन्सर ८५ अंशांवर ८००० तास चालेल आणि ६५ अंशांवर ३२,००० तास. रोज पाच तास संच पाहणाऱ्या घरात पहिला आकडा साडेचार वर्षांहून कमी आणि दुसरा साडेसतरा वर्षे होतो. हा कंडेन्सर गरम होणाऱ्या पत्र्याला चिकटवून बसवायचा की दोन बोटे दूर, हे आराखडा काढणारा ठरवितो. आपला संच किती वर्षे जगणार, याचा निर्णय त्या दोन बोटांत होतो.

प्रत्येक वेळी यात कट असतो, असे मी म्हणणार नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत सदोष द्रवाचे कंडेन्सर जगभर पसरले आणि संगणक व पातळ पडद्याचे संच अकाली बंद पडले. त्यात निष्काळजीपणा आणि स्वस्ताईचा हव्यास होता. परंतु कट कधीच नसतो असेही नाही. आपण ज्याचा सिरीजसाठी उपयोग करतो, त्या बल्बचे आयुष्य १००० तासांवर आणून ठेवण्यासाठी बड्या उत्पादकांनी १९२४ साली ‘फीबस’ नावाचा संघ केला होता आणि जास्त टिकणारे बल्ब काढणाऱ्या सभासदाला दंड केला जाई, हा नोंदलेला इतिहास आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या घरचा एल. सी. डी. संच बंद पडला. लाल दिवा नुसता लुकलुकत राही. कंपनीचा माणूस आला, त्याने झाकणही उघडले नाही. पॉवर बोर्ड बदलावा लागेल, साडेसहा हजार रुपये, आणि बोर्ड मिळेलच असे नाही, त्यापेक्षा नवा घ्या, असे म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन तो गेला. त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याला बोर्ड बदलायलाच शिकविले होते. संध्याकाळी मी झाकण काढले. दोन कंडेन्सरांची डोकी पुरीसारखी फुगली होती. वीस-वीस रुपयांचे, १०५ अंशांचे दोन नवे कंडेन्सर, उलटसुलट होणार नाही असे पाहून बसविले. तो संच आजही चालू आहे.

चाळीस रुपये आणि साडेसहा हजार यांच्यामधील अंतर कशाचे आहे? सुट्या भागाचे नव्हे. ज्ञानाचे आहे. जुन्या अनेक संचांबरोबर सर्किटचा नकाशा मिळत असे. काकांनी असे नकाशे खळीने कापडावर चिकटवून ठेवले होते, कारण तेच त्यांचे भांडवल होते. नकाशा गेला, तसा कारागीर बोर्ड बदलणारा हमाल झाला. उत्पादन-साधनांच्या मालकीविषयी आपण पुष्कळ बोलतो. नकाशा हे उत्पादनाचे साधन आहे, याचा विचार आपल्या चळवळीने पुरेसा केलेला नाही, असे मला वाटते.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दाखवून दिले, की कारखान्यातील उत्पादकता वाढत जाते, पण ज्या कामात माणसाचा वेळ हाच माल असतो, तिथे ती तशी वाढू शकत नाही. त्यामुळे संच स्वस्त होतात आणि त्यांच्या दुरुस्तीचा एक तास तुलनेने महाग होत जातो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. म्हणून प्रत्येक जुना संच जगविलाच पाहिजे, असा हट्ट मी धरणार नाही. पिक्चर ट्यूब गेलेला, वीजही अधिक खाणारा संच सोडून द्यावा. फक्त तो भंगारवाल्याच्या हातोड्याखाली जाऊ नये, कारण त्याच्या काचेत शिसे असते. पण ट्यूब चांगली आहे आणि एका रेझिस्टन्ससाठी संच फेकला जातो, तेव्हा बॉमोलचे कारण पुरत नाही. निदानालाच जर दोन तास लागत असतील, तर ते नकाशा नसल्यामुळे लागतात. नकाशा असेल तर तेच काम वीस मिनिटांचे. दुरुस्ती महाग आहे याचा एक मोठा वाटा हा लपविलेल्या माहितीचा खर्च आहे.

माहितीचा दुसराही एक प्रश्न आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. गिऱ्हाइकाला आतले काही कळत नाही, मेकॅनिक काय सांगतो त्यावर विश्वास ठेवावा लागतो. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी लिहिले, की विकणाऱ्याला माहिती आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात प्रामाणिक माल हळूहळू हाकलला जातो. दुरुस्तीच्या बाजारात हेच घडले. चार लबाड मेकॅनिकांनी चाळीस प्रामाणिकांचा धंदा घालविला. म्हणून मी म्हणतो, काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, मीटरचा काटा त्याला दाखवावा आणि काय बदलले ते पावतीवर लिहावे.

कायद्याच्या दिशेने काही हालचाल झाली आहे. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून पडद्याच्या उपकरणांना लागू केलेल्या नियमांत, मॉडेल बाजारातून गेल्यावरही किमान सात वर्षे, अंतर्गत पॉवर सप्लाय आणि कंडेन्सर यांसारखे सुटे भाग व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना मिळाले पाहिजेत, अशी सक्ती आहे. त्याच वर्षी फ्रान्सने दूरदर्शन संचावर दुरुस्तियोग्यतेचे गुण छापण्यास सुरुवात केली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्या वर्षअखेर एक पोर्टल सुरू केले. पोर्टलवर कंपन्या आपली माहिती देतात, ती स्वेच्छेने. स्वेच्छेने किती नकाशे बाहेर येतील, याविषयी मला फारशी आशा नाही. मागणी करायची तर ती नकाशाच्या सक्तीची करावी. सुट्या भागांचा क्रम त्यानंतरचा, कारण नकाशा असेल तर भाग लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

एक शेवटचा मुद्दा, तो थेट तुमच्या कामाचा आहे. एखाद्या वस्तीत एकाच संध्याकाळी पाच-सहा घरांचे संच, पंखे, दिवे गेले, असे कळले, तर मेकॅनिककडे जाऊ नका. तो दोष संचात नाही. रस्त्यावरच्या तीन-फेज लाइनची न्यूट्रल तार तुटली, की काही घरांत २३० ऐवजी चारशेच्या जवळ व्होल्टेज जाऊ शकते आणि प्रत्येक पॉवर सप्लायचा पहिला दरवाजा जळतो. प्रथम वस्तीतील सर्वांना मुख्य स्विच बंद करायला सांगा, मग वीज कार्यालयात लेखी तक्रार द्या, वेळ नोंदवा, जळालेल्या वस्तूंची यादी करा आणि त्या यादीवर घरमालकांच्या सह्या घ्या. जळालेले फ्यूज आणि डायोड फेकू नका, पाकिटात घालून नाव लिहून ठेवा. भरपाईच्या अर्जासोबत ते लागतात. अशी एक यादी मी स्वतः तयार केली होती आणि तिच्यासाठी सात हेलपाटे घातले होते.

संयोजकांनी मागे टेबलावर दोन बंद पडलेले संच आणून ठेवले आहेत. एक कृष्णधवल, एक रंगीत. चहानंतर ते उघडू. ज्यांना हात लावायचा आहे त्यांनी घड्याळ आणि अंगठ्या काढून ठेवाव्यात, आणि कोणाकडे तारेचा शंभर वॉटचा बल्ब असेल तर घेऊन यावा. माझ्याकडचा प्रवासात फुटला आहे.